पट्टीची रांग

सकाळचे पावणेनऊ वाजलेत. मार्च संपत आलाय आणि ऊन आत्तापासूनच चटके देतंय. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकापाशी एक काळीपिवळी येऊन थांबते. आज आठवडी बाजार. टपावर कांद्याच्या गोण्या, कोंबड्यांचा डालगा. आतून माणसं उतरतात, त्यांत पाय बांधलेले चार-पाच जण. एकाच्या पायाला जुन्या लुगड्याची चिंधी. दुसऱ्याने पट्टीवर प्लास्टिकची पिशवी चढवून वर सुतळी आवळलीय, धूळ जाऊ नये म्हणून. एक म्हातारी नातवाच्या खांद्यावर हात टाकून, टाच न टेकवता चालतेय.

केसपेपरच्या खिडकीला दोन रांगा आहेत. बायकांची लांब, पुरुषांची आखूड. खिडकीमागचा कारकून लिहिता लिहिताच विचारतो, "काय होतंय?"

"जखम हाय."

"कधीपासून?"

उत्तर तारखेत येत नाही. "पोळ्याला बैलाचा पाय पडला." "दिवाळीत फटाक्यानं भाजलं." "संक्रांतीच्या आधी कोयता लागला." कारकून मनातल्या मनात महिने मोजतो आणि कागदावर मांडतो. पोळा म्हणजे सात महिने झाले. धडधाकट माणसाची साधी कापलेली जखम दहा-पंधरा दिवसांत वरून मिटते. चार आठवडे उलटले आणि जखम लहान व्हायचं नावच घेत नसेल, तर नुसती पट्टी बदलून भागत नाही. ती का भरत नाही, हे शोधावं लागतं. या रांगेतल्या बहुतेकांना ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

ड्रेसिंगची खोली व्हरांड्याच्या टोकाला आहे. बाहेर लोखंडी बाकडी. वरचा पंखा फिरतो, पण वारा खालपर्यंत पोचत नाही. फिनेल आणि बेटाडीन यांचा वास येतो. त्याखाली आणखी एक वास आहे, जड आणि गोडसर. या बाकड्यावर थोडा वेळ बसलं की तो ओळखू येतो. कुणाच्या तरी पट्टीला हिरवट डाग पडलाय. जंतूंनी जखमेत ठाण मांडलं की असं होतं.

माणसं एकमेकांना जखमा दाखवतायत. सोबत उपायही सांगतायत. हळद-चुना भरला. चुलीतली राख दाबली. रक्त थांबेना म्हणून तंबाखू चोळून लावली. टूथपेस्ट लावली. मेडिकलमधून लाल-काळी कॅप्सूल आणली, ती फोडून तिची पूड जखमेवर टाकली. "खडखडीत वाळली पाहिजे, म्हणून उघडी ठेवलीय," एक पोरगा सांगतो. त्याच्या नडगीवर जाड काळी खपली आहे आणि खपलीच्या कडेनं पिवळी लस झिरपतेय. खपली दिसते वाळलेली, खाली मात्र जखम तशीच आहे. कातडीच्या नव्या पेशींना सरकायला ओल लागते. १९६२ साली डुकरांवर केलेल्या एका प्रयोगात हे स्पष्ट दिसलं. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगानं कातडी आली. तरीही गावोगावी सल्ला तोच मिळतो: वाऱ्यावर ठेव.

"नंबर चार!" मामा हाक मारतात. ड्रेसिंगच्या खोलीतल्या शिपायाला इथे सगळे मामाच म्हणतात.

खोली लहान आहे. भिंतीला पांढऱ्या टाइल्स, मधे रेक्झिनचं टेबल, बाजूला स्टीलच्या ट्रॉलीवर ऑटोक्लेव्हचा ड्रम. सिस्टर हातमोजे चढवतात. टेबलावर पंचावन्नच्या आसपासचे एक शेतकरी काका. उजव्या पायाच्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी पट्टी. तिचा कापूस जखमेला घट्ट चिकटलाय. सिस्टर तो ओढत नाहीत. वरून सलाईनची धार सोडतात आणि थांबतात. पुन्हा धार, पुन्हा थांबणं. कापूस ओला होऊन आपणहून सुटतो. सुका कापूस ओढून काढला तर त्याला चिकटलेली कोवळी कातडीही सोलून निघते. आठ दिवसांत जे भरतं ते एका हिसक्यात जातं.

जखम रुपयाएवढी आहे. गोल, खोल. कडेला पांढरट, टणक घट्टा. तळाशी पिवळा चिकट थर. चिमट्याचं टोक आत जातं. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, पण काका शांत आहेत. ते खिडकीबाहेर, कडुनिंबाच्या झाडाखाली लावलेल्या आपल्या मोटारसायकलकडे बघतायत.

"दुखत नाही, काका?"

"न्हाय. आजिबात न्हाय. म्हणून तर इतके दिस अंगावर काढलं."

डॉक्टरीणबाई आत येतात. तरुण आहेत, ओपीडी अर्धी सोडून आल्यात. खिशातून एक काडी काढतात, तिच्या टोकाला नायलॉनचा बारीक धागा. "डोळे मिटा. कुठं टोचलं ते सांगा." धागा तळव्यावर टेकतो, किंचित वाकतो. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो, तसाच बनवलेला असतो. काका गप्प. टाचेवर टेकवला, गप्प. करंगळीखाली टेकवला, तरी गप्प. गुडघ्याखाली टेकवल्यावर म्हणतात, "हां, आता लागलं."

मग त्या खाली वाकतात आणि काकांची चप्पल उचलतात. टायरच्या तळाची, बाजारात मिळते ती. आतून हात फिरवतात. बोट एका जागी थांबतं. खिळ्याचं टोक वर आलंय, तांदळाच्या दाण्याएवढं. बरोबर जखमेच्या जागी. महिना-दीड महिना काका या खिळ्यावर उभे आहेत. शेतात, बाजारात, रांगेत. त्यांना ते कळलेलंच नाही.

बोटाला सुई टोचून साखर बघतात. मशीनवर आकडा येतो, ३४२. "मला न्हाय ओ साखर. मी चा बी बिनसाखरेचा पितो." काकांच्या बायकोने पदर तोंडाशी धरलाय.

देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत, आणि तो आपल्याला आहे हे त्यांतल्या अनेकांना असं एखाद्या जखमेपायीच कळतं. मधुमेह असलेल्या साधारण पाचांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी पायाला जखम होते. रक्तात साखर जास्त राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. नसा बधिर होतात, त्यामुळे इजा कळत नाही. रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्यामुळे जखमेला लागणारं रक्त पोचत नाही. काकांच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी तर दिसतातच आहेत. तिसरी बघायला डॉक्टरीणबाई घोट्याजवळ आणि पावलावर बोट ठेवून नाडी शोधतात. सापडते. त्यांचा चेहरा थोडा सैल होतो.

"काका, औषध मी देते. पण या जागेवर वजन टाकायचं नाही. कितीही भारी मलम लावलं आणि वरून दिवसभर चाललात, तर ही भरणार नाही. चप्पल टाकून द्या, दुसरी मऊ तळाची घ्या. रोज रात्री तळवे बघा, दिसत नसतील तर मावशींना बघायला सांगा. पायात काही घालायच्या आधी आतून हात फिरवा. आणि यंदा चैत्रात यात्रेला अनवाणी जायचं नाही."

शेवटच्या वाक्यावर काका पहिल्यांदा मान वर करतात. "नवस हाय ओ."

"देवाला पाय चांगले लागतात, काका," सिस्टर म्हणतात. त्या सलाईनच्या बाटलीचं पारदर्शक वेष्टन पुसून जखमेवर धरतात, पेनानं जखमेची कड गिरवतात, बाजूला तारीख लिहितात. हा तुकडा केसपेपरला टाचला जातो. चार आठवड्यांनी पुन्हा गिरवतील. तोवर जखम निम्मी झाली नाही, तर काहीतरी चुकतंय असं समजून पुन्हा मुळापासून तपासणी.

पुढचा नंबर हॉटेलातल्या आचाऱ्याचा. वीस वर्षं भट्टीपुढे उभा आहे. डाव्या पायाला घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडी वर, पसरट ओली जखम. भोवतालची कातडी काळपट तपकिरी, टणक झालेली. पोटरीवर निळ्या शिरा फुगून वळल्यात. शिरांच्या झडपा निकामी झाल्या की पायातलं रक्त वर चढत नाही. ते खाली साठतं, पाय सुजतो, सुजलेल्या कातडीचं पोषण बिघडतं आणि एका खाजवण्यानं जखम उघडते. तीन वर्षांत ही जखम दोनदा भरली आणि दोनदा उघडली. आधी पावलातली नाडी नीट लागते का ते पाहतात, मगच सिस्टर लवचीक पट्टी घेतात. बोटांच्या मुळापासून सुरुवात, गुडघ्याच्या खालपर्यंत, खाली घट्ट, वर सैल होत जाणारी. रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी बांधायची. रात्री पलंगाच्या पायथ्याच्या पायांखाली दोन-दोन विटा.

हीच पट्टी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला चालणार नाही. तो पस्तिशीतला आहे. रोज दोन बंडल विड्या. पायाची दोन बोटं काळी पडलीत. त्याचा पाय खाटेखाली लोंबतोय, कारण वर घेतला की कळा येतात. रात्रभर तो असाच बसून असतो. त्याच्या धमन्यांतूनच रक्त खाली येत नाही. घट्ट पट्टी बांधली तर येतंय तेही थांबेल. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. बोटं वाचतील की नाही हे आज सांगता येत नाही, पण विडी सुटली नाही तर पुढे पायही जाईल, हे डॉक्टरीणबाई त्याला आणि त्याच्या भावाला समोर बसवून सांगतात. भाऊ त्याच्या शर्टाच्या खिशातून बंडल आणि काडेपेटी काढून घेतो. विडीवाला त्याचा हात धरत नाही.

व्हरांड्यात आता उभं राहायलाही जागा नाही. साडेदहा झालेत. पत्र्याचं छप्पर तापलंय. माणसं केसपेपरनं वारा घेतायत.

आजी आत येतात. नातवानं धरलेल्या त्याच. हाताची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, जागोजागी जांभळे डाग. शेळीच्या दोराचा नुसता काचा बसला आणि मनगटाजवळची कातडी सोलली. टाचेला भेगेतून झालेली जखम, तीही महिनाभर तशीच. गुडघ्यांसाठी त्या कुणाकडून तरी पुड्या आणतात. "लई गुण येतो, बाळा. पुडी घेतली की चालू लागते मी." पुडीवर नाव नाही, औषध कुठलं ते नाही. पण सुजलेला चेहरा आणि ही कातडी बघून डॉक्टरीणबाईंना अंदाज येतो. त्यात स्टेरॉइड असावं. ते दुखणं दाबतं आणि जखम भरायची ताकदही दाबतं. "आजी, पुडी एकदम बंद करायची नाही, त्यानं चक्कर येऊन पडाल. माझ्याकडे घेऊन या. हळूहळू कमी करू." नातू मान डोलावतो. त्याला पुडीवाल्याचं घर माहीत आहे.

एका तरुणाच्या तळव्याला बारीक भोक आहे. मिटतं, आठ दिवसांनी पुन्हा उघडतं, पाणी येतं. दिवाळीत बाभळीचा काटा मोडला होता. "काढला ओ सगळा." एक्स-रेत काही दिसत नाही. काटा लाकडाचा, तो एक्स-रेत बहुधा दिसत नाही. सोनोग्राफीत दिसतो. चिठ्ठी तिकडची लिहिली जाते. आत परकी वस्तू राहिली की शरीर वरून जखम मिटवतं आणि आतून पुन्हा उघडतं.

त्याच्यामागे एक मावशी. लहानपणी चुलीवर भाजलेली मांडी, चाळीस वर्षांचा वण. त्या वणावर गेल्या वर्षी जखम झाली. कडा उचललेल्या, खडबडीत, हात लागला की रक्त येतं. डॉक्टरीणबाई इथे जास्त वेळ थांबतात. मलम लिहीत नाहीत. कडेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा, असं लिहितात. भाजल्याच्या जुन्या वणावरची न भरणारी जखम कधी कधी कर्करोगाची असते. मावशींना त्या एवढंच सांगतात, "तपासल्याशिवाय पट्टी करत बसायचं नाही. परवा यायचंच." आणि सोबत आलेल्या लेकीला बाजूला घेऊन नीट समजावतात.

एका हमालाचे दंडावरचे टाके निघतात. तो लगेच हात झटकून बघतो. आज बाजार आहे, गाडी भरायची आहे. "पोतं उचलायचं नाही," सिस्टर बजावतात. वरून मिटलेली जखम आतून अजून कच्ची असते. तीन आठवड्यांनी तिथे मूळ कातडीच्या जेमतेम तीस टक्के ताकद येते. वर्ष उलटलं तरी ऐंशी टक्क्यांच्या वर जात नाही.

जिना चढून वर गेलं की वॉर्ड. इथे वास वेगळा आहे. पावडर, लघवी, कालची डाळ. खिडकीजवळच्या खाटेवर पक्षाघात झालेले एक आजोबा. कमरेच्या हाडावर तळहाताएवढी जखम. घरी असताना ते एका कुशीवर तासन्‌तास पडून होते. हाड आणि गादी यांच्यामधे कातडी दाबली जाते, रक्त थांबतं, मांस मरतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, असं भिंतीवर खडूनं लिहिलंय. खाली वेळा मांडल्यात. आठ, दहा, बारा. प्रत्येक वेळेपुढे सून बरोबरची खूण करते. रात्रीच्या दोनपुढेही खूण आहे, चारपुढेही. ती खाटेखाली चटई टाकून झोपते. ही जखम भरली तर ती या खुणांनी भरेल.

खाली प्रयोगशाळेच्या खिडकीशी सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक बाई उभी आहे. संक्रांतीच्या आधी कोयता लागलेली हीच. ऊसतोडीला आलेल्या टोळीतली. नडगीवरची जखम साखरेमुळे नाही, शिरांमुळे नाही. तिची नाडी उत्तम लागते. हातात रक्ताचा अहवाल आहे. हिमोग्लोबिन ७.८. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, तिच्याही. दातांच्या कडा काळसर आहेत. सकाळ-संध्याकाळ मिश्री. तीही तंबाखूच, निकोटिन तेच.

अहवाल बघून डॉक्टरीणबाई विचारतात, "जेवायला काय असतं?"

"भाकर. मिरची. कधी कालवण."

"डाळ? अंडं?"

सासू मधेच बोलते, "डाळीनं पू धरतो, म्हणून बंद केलीय. अंडं बी. वांगं बी. जखमेला पथ्य नको व्हय?"

सासूचा सूर काळजीचा आहे. सुनेनं बरं व्हावं म्हणूनच तिने हे केलंय. पण नवं मांस, नवी कातडी प्रथिनांतूनच बनते. पन्नास किलोच्या बाईला एरवी रोज चाळीसेक ग्रॅम प्रथिनं लागतात. जखम भरत असताना साठ ते पंच्याहत्तर. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम. मिरची-भाकरीवर हा हिशेब बसत नाही. लिंबू, पेरू, आवळा यांतलं क जीवनसत्त्व नसेल तर कातडी जोडणारा धागा पक्का होत नाही. डॉक्टरीणबाई सासूलाच सांगतात, सुनेला नाही. "आई, डाळीनं पू होत नाही. जंतूंनी होतो. तुम्ही हिला रोज दोन अंडी, वाटीभर घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे द्या. तुमच्या हातानं द्या."

सासू ऐकून घेते. "शेंगदाणं चालत्यात?" ती पुन्हा एकदा विचारून खात्री करते.

"पहाटे किती वाजता फडात जाता?"

"चार."

"जखम झाल्यावर किती दिवस बसलात?"

बाई नवऱ्याकडे बघते. तो सांगतो, "दोन दिस." नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. एकानं खाडा केला की दोघांच्या कामाला फटका, वर मुकादमाचा दंड. उचल घेतलेली आहे, ती फेडायची आहे. म्हणून तिसऱ्या दिवशी ती पायाला चिंधी बांधून फडात उभी राहिली. उसाचं पाचट जखमेला घासत राहिलं, डोक्यावर मोळी, ट्रॉलीला लावलेल्या फळीवर चढ-उतार. अडीच महिने जखम भरायला लागते आणि रोज पुन्हा फाटते.

"हंगाम कधी संपतोय?"

"आठवड्यात पट्टा पडंल. मग गावाकडं."

डॉक्टरीणबाई केसपेपरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहितात. गावाजवळच्या उपकेंद्रात दिवसाआड ओली पट्टी. लोहाच्या गोळ्या, चहाबरोबर नाही. महिन्यानं हिमोग्लोबिन पुन्हा. मिश्री बंद. धनुर्वाताचं इंजेक्शन आज. वाढता ताप, भोवती पसरणारी लाली, वास येणारा पू, काळी पडणारी कातडी, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. जखमेच्या कडेचा गिरवलेला तुकडा याच कागदाला टाचतात, म्हणजे तिकडच्या सिस्टरला भरतेय की नाही ते ताडून बघता येईल.

"मलम कोणतं आणू?" नवरा विचारतो.

"मलम नको. पट्टीचं सामान इथून मिळेल. हिला पंधरा दिवस बसवा. पाय उशीवर ठेवून."

नवरा कागद घडी करून खिशात घालतो. मग बाजूला जाऊन फोन लावतो. पलीकडचा आवाज चढतो. हा ऐकून घेतो, मधे दोनदा "व्हय मुकादम" म्हणतो. शेवटी म्हणतो, "ऱ्हायले आठ दिस मी दुसऱ्याच्या जोडीला लागतो. पर ती फडात यायची न्हाय." फोन ठेवून तो औषधाच्या रांगेत उभा राहतो.

साडेबारा वाजत आलेत. खिडकी बंद व्हायच्या आत त्याचा नंबर लागतो. लोहाच्या गोळ्या, गॉज, सलाईनच्या बाटल्या, सगळं पिशवीत पडतं. या खिडकीवर मिळण्यासारखं सगळं त्याला मिळालंय. ते पंधरा दिवस मात्र इथे मिळत नाहीत. ते घरातल्यांनी आणि काम देणाऱ्यांनी द्यायचे असतात, आणि त्यांच्याशिवाय पिशवीतल्या कशाचाच पुरता उपयोग होत नाही.